बोगद्यात अडकलेले दात

कवळीवहिनींचं आणि भुयारी मेट्रोचं कधी म्हणजे कधी जमलं नाही. बरं, नाही जमत तर नाद सोडावा, तर तेही शक्य नव्हतं. घर आणि लॅब लाइनीच्या या टोकाला, दातांचे दवाखाने त्या टोकाला, आणि मधे जमिनीखालून धावणारी ही एकच गाडी. ‘धावणारी’ हा शब्द वहिनींना मान्य नव्हता. "धावते कसली, रांगते," असं त्या म्हणायच्या, आणि तेही गाडीतच बसून, गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात.

कवळीवहिनी हे नाव बिल्डिंगने ठेवलेलं. वहिनी कवळ्या करतात म्हणून कवळीवहिनी. त्यात कोणी फार डोकं चालवलेलं नाही. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांची लॅब. एका खोलीत प्लॅस्टर कालवायचं आणि घासकाम करायचं, दुसरीत खिडकीशी बसून दात लावायचे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, वहिनी त्याचा साचा करतात, साच्यावर गुलाबी मेण बसवतात आणि त्या मेणात एकेक दात रोवतात. ही झाली ट्रायल. ती दवाखान्यात नेऊन पेशंटच्या तोंडात घालून बघायची, त्याला बोलतं करायचं, हसवायचं, आणि सगळं मनासारखं असलं तरच मेणाच्या जागी पक्की कवळी करायची. मेण आहे तोवर दात हलवता येतो. एकदा पक्कं झालं की मग देव आला तरी हलत नाही.

म्हणजे दर कवळीमागे मेट्रोच्या फेऱ्या आल्याच. कोणाच्या हाती पाठवावं, तर तोही प्रयोग करून झाला होता. एका कुरिअरवाल्याने वरचे दात एका डॉक्टरकडे आणि खालचे दुसऱ्याकडे पोचवले. दोन आजोबा दोन दवाखान्यांत अर्ध्या तोंडाने ताटकळत बसले, आणि दोन्हीकडची बोलणी वहिनींनी खाल्ली. तेव्हापासून आपला डबा आपणच न्यायचा असं त्यांनी ठरवून टाकलं. डब्यात ओला कापूस, कापसावर ट्रायल, आणि उन्हाळा असला की डब्याखाली फ्रीजमधली निळी गार पिशवी. मेणाला उकाडा सोसत नाही. जरा ऊब लागली की ते मऊ पडतं आणि दात जागा सोडायला लागतात.

आता एवढा जीव मुठीत धरून माणूस निघालं असताना गाडीने निदान वेळेवर यावं की नाही? पण ती यायची नाही. आली तर मधेच थांबायची. थांबली की छतातून तो गोड आवाज यायचा, ‘तांत्रिक कारणामुळे गाडीला थोडा विलंब होत आहे,’ आणि वहिनींच्या कपाळावर आठ्यांचं जाळं पसरायचं.

"कसलं तांत्रिक?" त्या छताकडे बघून विचारायच्या. "काय मोडलंय ते नीट सांगा ना! मी कोणाला सांगते का, की तांत्रिक कारणामुळे तुमचे खालचे दात पुढच्या महिन्यात येतील, तोवर वरच्यांवर भागवा?"

शेजारचा माणूस हळूच एक जागा सोडून सरकायचा. छत काही उत्तर द्यायचं नाही. मग वहिनी डबा छातीशी धरून चडफडत बसायच्या, आणि घरी येईपर्यंत तो सगळा राग जपून आणायच्या.

घरी आणायच्या खऱ्या, पण वाढायचा कोणाला? वहिनींच्या नवऱ्याचं दुकान घरापासून पायी चालत जाण्याच्या अंतरावर. माणूस गाडीला कधी लटकलेलाच नाही, त्याला त्यातलं दुःख काय कळणार? वहिनी तावातावाने सगळं सांगायच्या, आणि तो वर्तमानपत्रातून डोकंही न काढता म्हणायचा, "चालायचंच गं." हे ‘चालायचंच’ ऐकलं की वहिनींना गाडी बरी वाटायची.

खरा सामना व्हायचा तो सासूबाईंशी.

"आज पण गाडीच का?" सासूबाई दारातच विचारायच्या.

"हो, गाडीच. बोगद्यात उभी होती."

"रोज कशी गं तुझीच गाडी उभी राहते? लवकर निघायला काय होतं तुला?"

"लवकर निघाले तरी ती उशिराच येते, आई! मी काय गाडी ओढत आणू?"

"मी असते तर आणली असती."

यावर वहिनी भडकायच्या, सासूबाई अजून दोन शब्द चढवायच्या, आणि जेवणाची ताटं मांडली जाईपर्यंत घर दोघींनी डोक्यावर घेतलेलं असायचं. शेजारच्यांना वाटायचं, या घरात सासूसुनेचं अजिबात पटत नाही. शेजारच्यांना काय, काहीही वाटतं. वहिनी दिवसभर ज्या भांडणाची वाट बघायच्या ते हे भांडण. त्यातून उठलं की भूक सपाटून लागायची.

सासूबाईंचा आवाज मोठा होता, कारण तो पाण्यावर घडलेला होता. जन्मभर त्यांनी सार्वजनिक तलावावर पोरांना पोहायला शिकवलं. गळ्यात दोरी, दोरीला शिट्टी, आणि शिट्टी कायम दातांत धरलेली. सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणायचे. पाण्याला न घाबरणारी मुलं शिट्टीबाईंना घाबरायची, आणि पाण्याला घाबरणारी मुलं तर शिट्टीबाईंच्या भीतीनेच पाण्यात उडी टाकायची. वर्षानुवर्षं शिट्टी धरून धरून त्यांचा समोरचा डावा दात कलला होता. शेजारच्या दातावर खांदा टेकवून उभा राहावा तसा. हसल्या की आधी तो दात हसायचा आणि मग बाकीच्या सासूबाई.

कवळीवहिनींचा पोटापाण्याचा धंदाच दात सरळ बसवण्याचा. लग्न होऊन या घरात आल्या त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलाशी समोर तो तिरका दात. वहिनींचे हात शिवशिवायचे. मेण असतं तर कधीच सरळ केला असता, असं त्यांना दर घासाला वाटायचं.

पुढे सासूबाईंच्या हिरड्यांनी दगा दिला. एकेक करून दात गेले, आणि उरलेसुरले डॉक्टरांनी काढून टाकले. तेव्हा वहिनींनी पदर खोचला म्हणावं असा उत्साह दाखवला. घरच्या माणसाची कवळी! लॅबमधल्या उत्तमातल्या उत्तम दातांचा संच काढला. रंग निवडायला खिडकीशी दहा वेळा उभ्या राहिल्या. दात लावताना, अर्थातच, तो डावा दात सरळ केला. आयती संधी आली होती. मोत्याच्या ओळीसारखे दात करून आणले, सासूबाईंच्या तोंडात घातले, आणि त्यांना धरून बिल्डिंगभर फिरवलं. वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "अगदी नटीसारख्या दिसता हो!" वहिनींची कॉलर ताठ झाली.

दुसऱ्या दिवशी कवळी पेल्यातल्या पाण्यात होती. तिसऱ्या दिवशीही पेल्यातच होती.

"टोचतंय," एवढंच सासूबाई म्हणाल्या.

वहिनींनी घासून दिली. तरी टोचलं. पुन्हा घासली. "आता कुठे टोचतंय?" असं विचारलं की सासूबाई गालावर कुठेतरी बोट ठेवायच्या, आणि ते बोट दर वेळी वेगळ्या जागी असायचं. हळूहळू तोंडाशी रुमाल आला. मग बोलणं कमी झालं. मग फिरायला जाणं बंद झालं. पातळ सूप आणि चहात बुडवलेली बिस्किटं, एवढ्यावर त्या राहू लागल्या, आणि दारावरची बेल वाजली की उठून आतल्या खोलीत जाऊ लागल्या.

इकडे गाडी उशिरा यायची काही थांबली नव्हती. एकदा तर वहिनी इतक्या उशिरा घरी आल्या की आज मोठंच रण माजणार म्हणून जिन्यातच बाह्या सरसावून तयार झाल्या. दारात कोणी नव्हतं. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून बघितलं, रुमालामागून नुसतं "आलीस?" म्हणाल्या, आणि परत खिडकीबाहेर बघू लागल्या.

"गाडी होती ना," वहिनी आशेने म्हणाल्या. "बोगद्यात उभी होती. लवकर निघायला हवं होतं मी."

सासूबाईंनी नुसती मान हलवली. त्या रात्री वहिनींना भूकच लागली नाही. सगळ्या शहराच्या तोंडात दात बसवणारी बाई, आणि आपल्याच घरातलं तोंड बंद पडलेलं! स्वतःचीच त्यांना लाज वाटली. आणि लाजेपेक्षाही, त्यांना सासूबाईंची आठवण यायला लागली. माणूस समोर बसलेलं असताना त्याची आठवण यावी, हे फार वाईट असतं.

"मी नवीन करते," त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं. "पहिलीत माझंच काहीतरी चुकलंय. माप नव्याने घेऊ. फक्त एकदा ट्रायलला दवाखान्यात चला."

सासूबाईंनी पुष्कळ आढेवेढे घेतले. माप घ्यायला डॉक्टरच घरी आले, पण ट्रायल दवाखान्यातच बघायला हवी होती. शेवटी सासूबाईंनी बोट वर केलं. "एकदाच. नाही बसली तर पुन्हा या दातांचा विषय घरात काढायचा नाही. मी आहे अशी बरी आहे."

शब्द म्हणजे शब्द. सासूबाई पोरांना एकदा ‘बाहेर’ म्हणाल्या की त्या दिवशी पुन्हा पाण्यात घ्यायच्या नाहीत, हे वहिनींना ठाऊक होतं. त्यात डॉक्टर ट्रायलच्याच दिवशी दुपारी मोठ्या रजेवर निघायचे होते. सकाळी या, सगळं बघून टाकू, असं त्यांनी बजावलं होतं. म्हणजे संधी एकच, आणि ती मेट्रोच्या हातात.

वहिनींनी नवी ट्रायल जीव ओतून केली. मोत्याची ओळ पहिल्यापेक्षाही सरळ.

त्या सकाळी उकाड्याने कहर केला होता. वहिनी इतक्या लवकर निघाल्या की सासूबाईंनी रुमालावरून भुवया उंचावल्या. गाडी चक्क वेळेवर आली. बसायला जागा मिळाली. वहिनींना हे सगळं संशयास्पद वाटत होतं, पण त्या काही बोलल्या नाहीत. डब्याची पिशवी सासूबाईंच्या मांडीवर दिली, कारण त्यांना खिडकीची जागा होती आणि तिथे धक्का कमी बसतो.

दोन स्टेशनं गेली, आणि बोगद्याच्या मधोमध गाडीने एक सुस्कारा टाकून दम सोडला. दिवे गेले. इकडेतिकडे एखाददुसरा पिवळा दिवा तेवढा राहिला. पंखेही बंद पडले.

‘तांत्रिक कारणामुळे...’

"आज नाही!" वहिनी ओरडल्या. "आज नाही चालणार! उद्या सगळा दिवस थांबवा हवी तर, मी एक शब्द बोलणार नाही. आज चला!"

दाराजवळ एक टक्कल पडलेले, कोट घातलेले गृहस्थ उभे होते. ते म्हणाले, "बाई, छत काय करणार?"

"मग कोण करणार? तुम्ही करता?"

गृहस्थांनी तोंड फिरवलं. गाडीच्या डब्यात हवा कोंडली. लोक कपाळ पुसू लागले, कोणी वहीने वारा घेऊ लागलं. कोणाचं तरी लहान मूल किरकिरायला लागलं. वहिनी घड्याळाकडे बघायच्या, बोगद्याच्या काळ्या भिंतीकडे बघायच्या आणि दातओठ खायच्या. डॉक्टर वाट बघून निघून जाणार, सासूबाई ‘एकदाच’ म्हणालेल्या आहेत, आणि आपण जमिनीच्या पोटात भाजत बसलोय. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं असं त्या नंतर सांगत असत, पण सगळं रागाचं नव्हतं.

एवढ्यात त्यांना मेण आठवलं. त्यांनी घाईघाईने सासूबाईंच्या मांडीवरच्या पिशवीत हात घातला. डबा कोमट.

"गार पिशवी कुठे गेली?"

सासूबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. खिडकीबाहेर बोगद्याच्या भिंतीखेरीज काही नव्हतं.

"आई. गार पिशवी."

सासूबाईंच्या कॉलरमागून एक निळं टोक डोकावत होतं. चोरी पकडली गेल्यावर त्यांनी मान पुढे केली आणि रुमालामागून पुटपुटल्या, "उकडत होतं."

वहिनींनी कपाळाला हात लावला. डबा उघडला. शेजारी एक ठेंगणी बाई बसली होती. तिने न सांगता मोबाइलचा टॉर्च धरला आणि "अगंबाई, दात!" म्हणाली, पण टॉर्च काही सोडला नाही. मेण मऊ पडलं होतं. बाकीचे दात जागेवर होते. समोरचा डावा तेवढा कलंडून शेजारच्या दाताला टेकला होता.

"झालं!" वहिनींचा आवाज चिरकला. "वाटोळं झालं. आता हे काय दाखवू मी डॉक्टरांना!"

सासूबाईंनी डब्यात वाकून बघितलं. बघतच राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केला.

"आण इकडे. घालून बघते."

"आत्ता? इथे?"

"मग कुठे? तुझी गाडी कुठे जातेय?"

"लोक आहेत, आई."

"अंधार आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि कित्येक महिन्यांनी चारचौघांत त्यांनी तोंडावरचा रुमाल काढला.

वहिनींनी मेणाचे दात हलक्या हाताने त्यांच्या तोंडात बसवले. "चावू नका. ओठ नुसते मिटा. जोरात बोलायचं तर अजिबात नाही, मेण आहे ते." ठेंगण्या बाईने टॉर्च वर केला. बाहेर काळाकुट्ट बोगदा असल्यामुळे खिडकीच्या काचेचा छान आरसा झाला होता. सासूबाई काचेकडे वळल्या. ओठ जरा उघडले. आणि त्या डोळे बारीक करून काचेवर वाकल्या.

वहिनींना वाटलं, आता संपलं. त्या काकुळतीला येऊन म्हणाल्या, "द्या, द्या इकडे, मी सरळ करते. एका मिनिटात करते," आणि त्यांनी हात पुढे केला.

फाट्‌कन हातावर चापट बसली.

"हात लावशील तर बघ!"

शब्द कसे स्वच्छ आले. वहिनी हात चोळत बघत राहिल्या. सासूबाईंनी काचेत बघत त्या तिरक्या दातावर अंगठा ठेवला आणि अगदी बेताने तो अजून थोडा कलता केला. मान मागे नेऊन पाहिलं. परत किंचित ढकलला.

"हां," त्या म्हणाल्या. "आता मी."

वहिनींना कळायला जरा वेळ लागला. आणि कळलं तेव्हा सगळंच एकदम कळलं. पेल्यातली कवळी, गालावर फिरणारं बोट, खिडकी, रुमाल.

"म्हणजे टोचत नव्हतं?"

"कशाला टोचेल? इतकी गुळगुळीत केली होतीस." सासूबाई अजून काचेतच बघत होत्या. "पण सकाळी आरशासमोर उभी राहिले की वाटायचं, ही कोण बाई माझ्या बाथरूममध्ये शिरली? चांगली देखणी बाई होती. पण माझी तिची ओळख नाही गं. तिच्या तोंडाने मी कशी बोलू?"

"मग सांगायचं ना मला!"

"काय सांगू? साऱ्या बिल्डिंगला दाखवून आली होतीस. इतकी खूश मी तुला तुझ्या लग्नात पण बघितली नव्हती."

वहिनी रडायला लागल्या आणि रडता रडताच हसायला लागल्या. इतकी वर्षं जो दात सरळ करायला हात शिवशिवत होते, तो सरळ केला आणि घरातलं माणूसच पुसून टाकलं. ही चूक बाहेरच्या कोणाकडून झालीच नसती. त्याला दात लावणारीच हवी. त्यांना स्वतःला दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या, आणि सासूबाईंना घट्ट मिठी मारावीशी वाटली. मेणाच्या भीतीने त्यांनी दोन्ही केलं नाही.

ते किरकिरणारं मूल आता भोकाड पसरून रडत होतं आणि डब्यात माणसं एकमेकांवर खेकसायला लागली होती. कोणीतरी दार उघडा म्हणून दारावर हात मारू लागलं. सासूबाईंनी मान वळवली. ‘जोरात बोलायचं नाही’ हे कोणी कोणाला सांगितलं होतं कोण जाणे.

"ए! दार सोड!"

अख्खा डबा चिडीचूप. मूलसुद्धा रडता रडता थांबलं.

"गाडी अडकली आहे, बुडालेली नाही! सगळ्यांनी जागेवर उभं राहायचं. श्वास नाकाने आत, तोंडाने बाहेर. सावकाश. तू, कोटवाल्या, आधी तो कोट काढ!"

कोटवाले गृहस्थ दचकून टॉर्चच्या उजेडाकडे बघू लागले. इतका वेळ ते सासूबाईंच्या समोरच उभे होते आणि त्यांना एक रुमालवाली म्हातारी तेवढी दिसली होती. आता सासूबाई त्यांच्याकडे बघून हसल्या. आधी तो दात हसला. गृहस्थांचा हात आपोआप पँटच्या शिवणीला गेला.

"शिट्टीबाई!" ते म्हणाले. "बाई, तुम्ही! मी... मी तो उथळ पाण्यातला. मला तुम्ही ढकललं होतं."

"एकट्या तुलाच नाही, सगळ्यांना ढकललंय. पोहतोस की नाही?"

"पोहतो, बाई. पण तोंड अजून पाण्याबाहेर ठेवतो."

"वाटलंच होतं मला. काढ तो कोट."

त्यांनी कोट काढला. डबा हसायला लागला. मघाशी खेकसणारी माणसं शहाण्या मुलांसारखी नाकाने श्वास घेऊ लागली, आणि कोणी पाण्याची बाटली त्या मुलाच्या आईकडे पुढे सरकवली.

इकडे वहिनींची धांदल. सासूबाई अशा गर्जत राहिल्या तर बाकीचे दातही जागा सोडतील, म्हणून त्यांनी हातापाया पडून ट्रायल परत काढून घेतली. डाव्या दाताच्या मुळाशी नखाने मेण दाबून घट्ट केलं, सासूबाईंच्या मानेवरची पिशवी ओढून काढली आणि तिच्यावर ट्रायल आडवी ठेवली. पिशवीत अजून गारवा होता. आता फक्त थोडा वेळ हवा होता. मेण धरेपर्यंत धक्का लागता कामा नये.

आणि नेमके तेव्हाच दिवे आले. पंखे फिरले. गाडीने अंग ताणून गचका द्यायची तयारी केली.

"अहो, थांबा!" वहिनी छताकडे बघून जिवाच्या आकांताने ओरडल्या. "थांबवा! पाचच मिनिटं थांबवा हो, पाया पडते!"

डबा त्यांच्याकडे बघू लागला. कोट हातावर घेतलेले गृहस्थ म्हणाले, "बाई, मघाशी तुम्ही उलटं सांगत होतात."

छताने मात्र या वेळी ऐकलं. गाडी जराशी थरथरली आणि पुन्हा उभी राहिली. ‘आणखी थोडा विलंब अपेक्षित आहे,’ आवाज आला. सगळा डबा हळहळला, आणि कवळीवहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा मेट्रोचे आभार मानले. मोठ्याने, दोन वेळा.

दवाखान्यात पोचल्या तेव्हा दुपार होऊन गेली होती. डॉक्टर रजेवर गेलेले असणार म्हणून वहिनी दबकत आत शिरल्या. डॉक्टर नव्हतेच, पण ते गेलेही नव्हते. अजून आलेच नव्हते. तेही मागच्याच गाडीत अडकून पडले होते. जरा वेळाने घामाघूम होऊन आले आणि बॅग टेबलावर आपटून म्हणाले, "तांत्रिक कारण म्हणे! कसलं तांत्रिक?"

वहिनींना ते एकदम घरचेच वाटले.

ट्रायल सासूबाईंच्या तोंडात घालून डॉक्टरांनी वरून बघितलं, बाजूने बघितलं, मोजून मापून बघितलं. मग म्हणाले, "बाकी छान आहे. हा डावा कलला की काय? उष्णतेने असेल. हा सरळ करून घ्या."

"नाही, डॉक्टर," कवळीवहिनी म्हणाल्या. "तो तसाच आहे."

"तसाच म्हणजे?"

"म्हणजे माझा आहे," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, आणि त्यांनी जो सूर लावला होता त्यापुढे डॉक्टरांनी काही वाद घातला नाही.

ती कवळी पक्की होऊन घरी आली, त्याला आता बरेच दिवस झाले. पहिली मोत्याची कवळी वहिनींनी लॅबच्या कपाटात ठेवली आहे. नवीन पेशंट आला की आधी ते माणूस हसताना कसं दिसायचं, कोणता दात पुढे होता, कुठे फट होती, हे त्या घरच्यांना विचारतात. एक आजोबा समोरची फट मागून घेऊन गेले आणि जाताना शीळ वाजवत गेले.

मेट्रो आहे तिथेच आहे. तिच्यात काडीचा फरक पडलेला नाही, आणि वहिनींच्यातही नाही. परवा पुन्हा बोगद्यात उभी राहिली, वहिनींनी छताला पुन्हा चार शब्द सुनावले, आणि शेजारचा माणूस पुन्हा एक जागा सरकला. पण मग गाडीने कुठून अवसान आणलं कोण जाणे, वहिनी घरी पोचल्या तेव्हा फारसा उशीर झालाच नव्हता.

जिन्याच्या वळणावर त्यांना वरून सासूबाईंचा आवाज ऐकू आला. वहिनींच्या नवऱ्याला फैलावर घेणं चाललं होतं. ओला टॉवेल पलंगावर टाकला की काय होतं, असला काहीतरी विषय होता. आवाज कसा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात होता. नवरा मधे एकदा "चालायचंच" म्हणाला आणि त्यावर जे काही झालं ते ऐकून वहिनींना हसू आवरेना. त्या तिथेच पायरीवर टेकल्या. डब्याची पिशवी मांडीवर घेतली, भिंतीला डोकं लावलं, आणि ऐकत बसल्या. टॉवेल संपला, नळ आला. नळ संपला, वर्तमानपत्र आलं. उठावंसंच वाटेना.

बऱ्याच वेळाने त्या उठल्या, चेहरा शक्य तितका त्रासलेला केला आणि घरात शिरल्या.

"आज पण गाडीच का?" दारातच प्रश्न आला.

"हो ना. गाडीच. बोगद्यात उभी होती."

सासूबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"खोटं बोलतेस. तुझ्या चपला मघाशीच वाजल्या जिन्यात," त्या म्हणाल्या. "काय करत होतीस इतका वेळ?"

वहिनी डब्याची पिशवी उगाच सारखी करू लागल्या. आणि सासूबाई हसल्या. आधी तो दात, आणि मग त्यांच्या मागून सगळ्या सासूबाई.